भिंतीपलीकडच्या टाकीत काय आहे ते शेजाऱ्याला कळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत थायलंडच्या पेट्रोकेमिकल पट्ट्यावर मोठा लेख आला, फोटोही छान होते, पाइपांचं जंगल, रात्री पेटलेल्या फ्लेअर म्हणजे जादा वायू जाळणाऱ्या उंच चिमण्या, मागे समुद्र. मी तो दोनदा वाचला कारण त्याच पट्ट्यात, रेयाँग प्रांतातल्या मापताफुतला मी २००५ ते २०१३ अशी आठ वर्षं नोकरी केलीय. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, त्याची गरजही नाही. लेखात रोजगार, एक्सपोर्ट, शिस्त, प्लॅनिंग सगळं आलं पण भिंतीबाहेर राहणारी माणसं कुठेच आली नाहीत, आणि लेखकाला जी शिस्त दिसली तिच्यातली बरीचशी त्या माणसांनी कोर्टात भांडून मिळवलेली आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, समजून घ्या.

आधी हा पट्टा उभा कसा राहिला ते सांगतो. थायलंडच्या आखातात १९७०च्या दशकात नैसर्गिक वायू सापडला आणि १९८१ साली एरावान फील्डमधून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या चारशेहून जास्त किलोमीटर पाइपलाइनने तो रेयाँगच्या किनाऱ्याला आला. त्यावेळी जनरल प्रेम तिनसुलानोंद पंतप्रधान होते. हा गॅस नुसता जाळून वीज करायची नाही, त्यातला इथेन प्रोपेन वेगळा काढून प्लास्टिकचा कच्चा माल बनवायचा असं ठरलं, मग गॅस सेपरेशन प्लांट आला, क्रॅकर म्हणजे इथेन-प्रोपेन तोडून इथिलीनसारखा कच्चा माल काढणारे प्लांट आले, जपानचं कर्ज आलं, जपानी कंपन्या आल्या, आणि १९८९ पासून मापताफुत इंडस्ट्रियल इस्टेट सुरू झाली. त्याआधी तिथे काय होतं? कसाव्याची शेतं, फळबागा आणि कोळ्यांची गावं. रेयाँगचा ड्युरियन, मँगोस्टीन, रम्बुतान आजही नावाजलेला आहे आणि तिथलं नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस पूर्ण देशात जातो. आज दरडोई उत्पन्नाच्या हिशोबाने रेयाँग थायलंडमधला एक नंबरचा प्रांत आहे, बँकॉकच्याही वर. हा आकडा तुमच्या लेखात होता आणि तो खरा आहे. पण तो प्रांतात तयार होणाऱ्या मालाचा आकडा आहे हो, तिथल्या कोळ्याच्या घरात येणाऱ्या पैशाचा नाही, हे एका ओळीत तरी लिहायला हवं होतं.

आपली माणसं तिथे खूप वर्षांपासून आहेत. बिर्लांनी परदेशातला पहिला कारखाना १९६९ साली थायलंडमध्येच काढला होता, आणि आता पीईटीच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या, धंद्यात जगात मोठी असलेली इंडोरामा बँकॉकमधूनच चालते. त्यामुळे पाताळगंगा, रोहा, तारापूर इथे शिकून तयार झालेले बरेच जण तिकडे गेले, मीही त्यातलाच. आम्ही चार-पाच मराठी घरं मिळून गणपती बसवायचो, थाई लोक हात जोडून दर्शनाला यायचे, त्यांच्याकडेही गणपतीला मानतातच, फ्रा फिकानेत म्हणतात.

मी राहायचो ती खोली इस्टेटच्या भिंतीपासून जेमतेम दीड किलोमीटरवर. घरमालकीण साठीची, गल्लीतले सगळे तिला पा म्हणायचे, म्हणजे आईबापाची मोठी बहीण, आपल्याकडे मावशी म्हणू तसं, मीही तेच म्हणायचो. घरासमोर तीन मोठे मातीचे रांजण होते. थायलंडच्या खेड्यापाड्यात पावसाचं पाणी असं रांजणात साठवून वर्षभर पितात, जुनी पद्धत आहे. पाचे रांजण मात्र उपडे घालून ठेवलेले, त्यावर कुंड्या. पाऊस पिववत नाही म्हणायची, विहिरीचंही नाही, पाणी विकत आणायचं. मी गेलो त्याच वर्षी, २००५ला, तिकडे मोठा दुष्काळ पडला होता, धरणं आटली, आणि शेतीला पाणी द्यायचं की कारखान्यांना यावरून गावं उठली होती. आम्हाला प्लांटमध्ये रोज पाण्याचा रिपोर्ट द्यावा लागायचा, शटडाउन घ्यावा लागेल की काय म्हणून सगळे टेन्शनमध्ये, आणि घरी आलो की समोर हे उपडे रांजण. तेव्हा मी या दोन गोष्टी जोडून पाहिल्या नव्हत्या, खरं सांगतो.

मे ते ऑक्टोबर तिकडे वारा समुद्राकडून येतो, म्हणजे कारखान्यांवरून वस्तीकडे. संध्याकाळी पा दारात बसलेली असायची आणि एकदम म्हणायची, क्लिन् मा लेव, वास आला. मग मला विचारायची, आज कसला? आणि मला बहुतेक वेळा कळायचं कसला ते! वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला नाकानेच कळतं, हा गोडसर वास अमुक, हा सडक्या अंड्यासारखा तमुक, हा रबरासारखा म्हणजे पलीकडच्या प्लांटचा. पण आम्हाला सक्त सूचना होती की प्लांटच्या आतलं बाहेर कोणाशी बोलायचं नाही. मी हसून म्हणायचो, माय रू, माहीत नाही. आठ वर्षं मी तिला हेच उत्तर दिलं. हे पत्र लिहायला बसलो त्यामागे हेही एक कारण आहे.

आता शिस्तीबद्दल. मापताफुतमध्ये भिंतीला लागून एक शाळा होती, मापताफुत फानफित्तायाखान. १९९७ साली वासाने तिथली मुलं आणि शिक्षक आजारी पडले, डोकेदुखी, चक्कर, उलट्या, घसा जळणं, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. मग काय झालं तर अखेर २००५ साली शाळाच दुसरीकडे हलवली. कारखाने होते तिथेच राहिले. मी गेलो तेव्हा ही गोष्ट तिथे अगदी ताजी होती आणि लोक अजून चिडलेले होते, कारण शाळा हलली तरी तीच मुलं रात्री झोपायला त्याच वस्तीत परत येत होती ना.

मग २००७ साली ११ वस्त्यांमधले २७ लोक रेयाँगच्या प्रशासकीय कोर्टात गेले. त्यांनी कुठल्या कंपनीवर केस केली नाही, त्यांनी थेट राष्ट्रीय पर्यावरण मंडळावर केली, की तुम्ही या भागाला प्रदूषण नियंत्रण क्षेत्र जाहीर करायला हवं होतं आणि इतकी वर्षं केलं नाही. हवेतली रसायनं, पाण्यातले जड धातू, रेयाँग शहराच्या तालुक्यातलं कॅन्सरचं प्रमाण, सगळी आकडेवारी कोर्टापुढे आली आणि ३ मार्च २००९ रोजी निकाल गाववाल्यांच्या बाजूने लागला. आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी आम्ही इंजिनिअर लोक काळजीत आणि भाजी चिरणाऱ्या बायका एकमेकींना टाळ्या देत होत्या, हे दृश्य मला अजून आठवतं.

त्याच वर्षी दुसरी केस झाली, ती जगभर गाजली. थायलंडच्या २००७च्या संविधानात ६७वं कलम होतं, की लोकांच्या आरोग्याला गंभीर धोका होऊ शकेल असा प्रकल्प असेल तर पर्यावरणासोबत आरोग्यावरच्या परिणामाचाही अभ्यास पाहिजे, लोकांची सुनावणी पाहिजे, आणि स्वतंत्र संस्थेचं मत पाहिजे. कलम होतं पण नियम केलेच नव्हते, आणि परवानग्या मात्र धडाधड चालू. म्हणून संस्था आणि गावकरी मिळून कोर्टात गेले आणि २९ सप्टेंबर २००९ला कोर्टाने एकदम ७६ प्रकल्प थांबवले. डिसेंबरमध्ये सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने त्यातले ११ सोडले आणि ६५ थांबलेलेच ठेवले. अख्ख्या इस्टेटवर सन्नाटा, क्रेन उभ्या, वेल्डर-फिटर घरी, कॉन्ट्रॅक्टची माणसं गावाला परत निघाली. मलाही वाटलं होतं की आता आपलं काही खरं नाही, आणि कामगारांचे हाल झाले हे मी नाकारत नाही. पण याच दबावामुळे माजी पंतप्रधान आनंद पान्याराचुन यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, कंपन्या, जनता आणि तज्ज्ञ अशी चौघांची समिती बसली आणि पहिल्यांदाच हे लोक एका टेबलावर आले. समितीने १८ प्रकारचे उद्योग धोकादायक यादीत घाला असं सुचवलं, सरकारने ऑगस्ट २०१०ला शेवटी ११ ठेवले, आणि दोन दिवसांनी कोर्टाने बहुतेक प्रकल्पांवरची बंदी उठवली. गाववाले नाराज झाले, बरोबरच आहे. तरीपण त्यानंतर आमच्या प्लांटमध्ये जे बदललं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, गळणारे व्हॉल्व्ह आणि पाइपांचे सांधे मशीन लावून तपासण्याचा कार्यक्रम, टाक्यांमधून निघणारी वाफ पकडून परत घेणारी यंत्रणा, लोडिंगच्या ठिकाणी बंद सिस्टम, आधी या सगळ्याला बजेट नाही असं उत्तर यायचं आणि आता वरून फोन यायला लागले की झालं का.

आणि एक गोष्ट लेखात हवीच होती. थायलंडने २००७ साली हवेतल्या नऊ उडणाऱ्या सेंद्रिय रसायनांच्या मर्यादा ठरवल्या, त्यात बेंझीन वर्षाच्या सरासरीने एक घनमीटर हवेत १.७ मायक्रोग्रॅम आणि ब्युटाडाईन ०.३३. बेंझीनने रक्ताचा कॅन्सर होतो हे आता वादातलं राहिलेलं नाही, ब्युटाडाईन हे सिंथेटिक रबराचं मूळ, तेही कॅन्सर करणारं म्हणूनच धरतात. आपल्याकडे २००९च्या मानकांत बेंझीनला ५ मायक्रोग्रॅम चालतं, म्हणजे जवळपास तिप्पट, आणि ब्युटाडाईनचं नावच त्या बारा घटकांच्या यादीत नाही. आता मापताफुतमध्ये ही मर्यादा कायम पाळली जाते असं अजिबात नाही, कित्येक वर्षं काही केंद्रांवर आकडा वर जातो. पण तो मोजला जातो आणि वर गेला हे पेपरात येतं, पाच्या भाच्याच्या मोबाईलवर येतं, तो ओरडून सगळ्या गल्लीला सांगतो.

अपघात मात्र थांबले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. ५ मे २०१२, शनिवार, तिथे राज्याभिषेक दिनाची सुट्टी. दुपारी सिंथेटिक रबर बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये स्फोट झाला, टोल्यूइन नावाचं ज्वालाग्राही द्रव पेटलं, १२ माणसं गेली आणि शंभराहून जास्त जखमी झाली. मी घरी होतो. खिडक्या हादरल्या, मग काळा धूर. गल्लीतले लोक मोटरसायकलवर पोरंबाळं घेऊन निघाले पण कुठे जायचं? अर्धे समुद्राकडे निघाले, अर्धे हायवेकडे, काय जळतंय ते कोणाला माहीत नाही त्यामुळे वारा बघून जायचं एवढंही कोणाला सुचेना, मी ओरडून सांगत होतो वाऱ्याला आडवे जा आडवे जा, पण माझं थाई तेव्हा घाबरल्यावर पळून जायचं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या दुसऱ्या कारखान्यातून क्लोरीन गळला. दोन दिवसांत दोनदा गल्ली रिकामी झाली.

मी परत आल्यावरचीही यादी आहे. २०२१ साली ५ जुलैच्या पहाटे बँकॉकच्या सुवर्णभूमी एअरपोर्टजवळ सामुत प्राकानमध्ये मिंग दी केमिकल हा थर्माकोलचे दाणे बनवणारा कारखाना उडाला. आत शेकडो टन स्टायरीन, म्हणजे थर्माकोलचा द्रवरूप कच्चा माल. पाच किलोमीटरपर्यंतची घरं रिकामी करावी लागली आणि आग विझवायला गेलेला एक कोवळा स्वयंसेवक मुलगा त्यात मेला. हा कारखाना ३० वर्षांपूर्वीचा, तेव्हा आजूबाजूला मोकळी जमीन, नंतर शहर वाढत त्याला येऊन भिडलं, घरांच्या कॉलन्या झाल्या, एअरपोर्ट झाला आणि तिथे राहायला आलेल्यांतल्या बहुतेकांना आत स्टायरीन आहे हे माहीतच नव्हतं. स्टायरीन म्हणजे काय ते आपल्याला एक वर्ष आधीच विशाखापट्टणमने शिकवलं होतं, ७ मे २०२०ची पहाट, टाकीतलं स्टायरीन तापलं, बाहेर पडलं आणि १२ लोक झोपेत नाहीतर पळता पळता गेले. स्टायरीन नुसतं ठेवलं तरी आपोआप जुळत जातं आणि त्यातून उष्णता निघते, उष्णतेने आणखी जुळतं, म्हणून त्यात हे जुळणं रोखणारं रसायन, इनहिबिटर, घालून टाकी थंड ठेवावी लागते. एवढी साधी गोष्ट, पण ती फक्त आतल्या माणसांना माहीत असते.

२०२४च्या एप्रिलमध्ये रेयाँगच्याच बान खाई तालुक्यात केमिकल कचऱ्याच्या गोदामाला आग लागली, कित्येक दिवस धुमसत होती. तिथल्या नोंग फावा गावचे लोक कित्येक वर्षं ओरडत होते की आमची रबराची झाडं मरतायत, पाणी खराब झालंय, कोर्टात केसही जिंकले होते, पण ड्रम तिथून हलले नाहीत. कारखान्याची चर्चा होते, कारखान्यातून निघालेल्या कचऱ्याची कोणी करत नाही, खरं म्हणजे यावर तुम्ही वेगळा लेख करायला पाहिजे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. थायलंडमध्ये गेली बरीच वर्षं काही संस्था, त्यात पेनचोम सेतांग यांची अर्थ नावाची संस्था आहे, एक कायदा मागतायत. मागणी एकच, प्रत्येक कारखान्याने दरवर्षी सांगायचं की आम्ही कुठलं रसायन किती हवेत सोडलं, किती पाण्यात, किती कचऱ्यात कुठे पाठवलं, आणि ही माहिती सगळ्यांना खुली. याला प्रदूषकांची नोंदवही म्हणा. जपान सरकारच्या जायका या मदत संस्थेच्या मदतीने रेयाँगमध्ये त्याचा पायलट प्रोजेक्टही झाला. २०२४ साली दहा हजारांहून जास्त सह्या घेऊन हे लोक संसदेत गेले. जपानमध्ये हा कायदा १९९९ पासून आहे, म्हणजे तीच जपानी कंपनी आपल्या देशात किलोच्या हिशोबाने आकडा देते आणि रेयाँगमध्ये तसा आकडा लोकांना मिळत नाही. आणि हे जगात सुरू कशामुळे झालं माहितीये? आपल्या भोपाळमुळे. डिसेंबर १९८४ला भोपाळ झालं, अमेरिकेत लोक घाबरले की असे कारखाने आमच्याही शेजारी आहेत, आणि १९८६ साली तिकडे कायदा झाला की शेजाऱ्याला माहितीचा हक्क आहे आणि आकडे जाहीर करा. माणसं आपली मेली आणि हक्क तिकडच्यांना मिळाला, आपल्याकडे अशी खुली नोंदवही आजही नाही. कारखाना कायद्यात १९८७ला दुरुस्ती झाली, माहिती द्यायची असं त्याच्या ४१-ब कलमात लिहिलं होतं, रासायनिक अपघातांबद्दलच्या १९९६च्या नियमात जिल्हा आणि स्थानिक क्रायसिस ग्रुप, म्हणजे आपत्कालीन गट, पाहिजेत असंही आहे. मी आमच्या सोसायटीत विचारलं, शेजारच्या तीन सोसायट्यांत विचारलं, एकालाही असा ग्रुप असतो हे माहीत नव्हतं. एका सरकारी ऑफिसात जाऊन एमआयडीसीच्या आमच्या फेजमधल्या कारखान्यांत काय साठवलंय त्याची यादी मागितली तर साहेब म्हणाले काका तुम्हाला कशाला पाहिजे.

कशाला पाहिजे ते सांगतो. ९ मे २०२४ला सकाळी लाइन या मेसेजच्या अ‍ॅपवर पाकडून एक फोटो आला. आता ती ऐंशीच्या घरात आहे, भाच्याने टाइप करून दिलं असेल. मापताफुतच्या टँक टर्मिनलवर टाकी पेटलेली, काळा लोट, आणि खाली तोच प्रश्न, यात काय आहे? मी लगेच बातम्या शोधल्या, पायरोलिसिस गॅसोलीनची टाकी होती, क्रॅकरमधून इथिलीन काढल्यावर उरतं ते पेट्रोलसारखं द्रव, अ‍ॅरोमॅटिक्सने म्हणजे बेंझीनसारख्या रसायनांनी भरलेलं. एक कामगार गेला त्यात. मी तिला लिहिलं, धुरात थांबू नका, वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघा, परत आल्यावर घर पुसून घ्या, बाहेर ठेवलेलं पाणी टाकून द्या. एवढ्या वर्षांत तिच्या प्रश्नाला मी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर, आणि ते मला देता आलं कारण टाकीत काय आहे ते तिकडे काही तासांत जाहीर झालं होतं.

बरोबर दोन आठवड्यांनी, २३ मे, गुरुवार, दुपारी दीडच्या पुढे आमच्या डोंबिवलीत एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यातला रिअ‍ॅक्टर फुटला. आमच्या बिल्डिंगच्या काचा खाली. दहाहून जास्त माणसं गेली, त्याआधी २०१६च्या मे महिन्यातही असंच झालं होतं, तेव्हाही १२. मी गच्चीवर गेलो, धूर कुठे सरकतोय बघत होतो, आणि शेजारचे सगळे मला विचारत होते, काका तुम्ही केमिकलवाले ना, काय आहे यात? खिडक्या लावायच्या की उतरून पळायचं? आणि मला माहीत नव्हतं. या वेळी खरंच माहीत नव्हतं.

म्हणून तुमच्या पेपरला विनंती आहे. कारखाने हलवणार, नोटिसा दिल्या, समिती नेमली या बातम्या तुम्ही छापताच, त्या छापाच. पण त्यासोबत डोंबिवली, तारापूर, लोटे, महाड, रोहा या प्रत्येक ठिकाणचा स्थानिक क्रायसिस ग्रुप कोण आहे, त्याची शेवटची मीटिंग कधी झाली, कुठल्या कारखान्यात धोकादायक रसायन किती साठवायची परवानगी आहे, हे माहिती अधिकारात मागवा आणि एका पानावर नकाशासकट छापा. माझ्यासारखे रिटायर झालेले बरेच जण आहेत, ती यादी सोप्या मराठीत समजावून सांगायला आम्ही फुकट येऊ, जीव वाचवायला काय काळजी घ्यायची तेही लिहून देऊ. पा-ला मी हे पत्र छापून आलं की फोटो काढून पाठवणार आहे, तिला वाचता येणार नाही पण भाचा विचारेल, त्याला समजावून सांगेन.

आपला,
एक निवृत्त केमिकल इंजिनिअर
डोंबिवली (पूर्व)